मोठ्या अक्षरांचा माज

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त, पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी, आणि अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा अर्ध्याहून जास्त तुकडा एकदाचा हाती आलेला. त्या गाडीला जिल्ह्यात नाव पडलं डेमू. रेल्वेच्या कागदावर ती डिझेल इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट आहे. इंग्रजीत चार आद्याक्षरं, चारही कॅपिटल. बीडच्या माणसानं त्यांचा एका दमात शब्द करून टाकला. डेमू आली, डेमू गेली, डेमूनं जाऊ, डेमूला गर्दी होती. लिंग ठरलं, विभक्ती लागली, कुणाला व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

तीच डेमू प्रोग्रॅमच्या कोडमध्ये लिहायची म्हटली की जगभरचे इंजिनिअर एकमेकांच्या अंगावर जातात. चारही अक्षरं मोठी ठेवायची, की पहिलं मोठं आणि उरलेली तीन बारीक? ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲपल या सगळ्यांनी यावर लेखी नियम काढले आहेत आणि ते नियम एकमेकांना छेद देतात. माझी बाजू आधीच सांगून टाकतो. आद्याक्षरांचं नाव हा एक शब्द आहे, त्याला शब्दासारखंच वागवा. पहिलं अक्षर मोठं, बाकीची बारीक. इतर शब्दांना जो कायदा, तोच यांना.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. प्रोग्रॅम लिहिताना क्लासला, मेथडला नाव द्यावं लागतं आणि त्या नावात मोकळी जागा चालत नाही. ‘गाडी वेळापत्रक’ असे दोन शब्द सुटे लिहिता येत नाहीत, ते चिकटवावे लागतात. मग दुसरा शब्द कुठे सुरू झाला हे कळायचं कसं? तिथे रोमन लिपीचं मोठं अक्षर कामाला येतं. प्रत्येक नव्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. मधेच वर आलेल्या या अक्षरांमुळे पद्धतीला कॅमलकेस म्हणतात, उंटाच्या मदारीवरून.

आपल्या जुन्या पोथ्यांतही शब्द तोडून लिहीत नसत. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी प्रसिद्ध आहे, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेली. त्या काळची कुठलीही पोथी वाचणाऱ्याला पद कुठे तुटतं याची जाण असावी लागे. भलतीकडे तोडलं की अर्थही भलता. कोडमधलं नाव वाचताना आपण हेच करतो, पदच्छेद करतो. मोठं अक्षर ही त्या पदच्छेदाची खूण आहे आणि खुणेचं काम शब्दाच्या तोंडाशी असतं. एका शब्दात सलग चार अक्षरं मोठी आली की चार खुणा झाल्या. आता यातली खरी कुठली?

मोठ्या अक्षराचं हे आकर्षण आपल्याकडे शाळेपासून येतं, असं मला वाटतं. देवनागरीत लहानमोठं अक्षर नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायचं, तेही पहिली एबीसीडी आणि दुसरी एबीसीडी अशा क्रमानं. पहिली म्हणजे मोठी अक्षरं, दुसरी म्हणजे बारीक. पहिली आधी पाठ झाली म्हणून तीच थोर, हे मनात कायमचं बसतं. वहीवरचं नाव पहिलीत, दुकानाची पाटी पहिलीत, बँकेचा अर्ज तर पहिलीतच भरायचा. असं शिकलेला विद्यार्थी इंजिनिअरिंगला गेला आणि त्यानं यूआरएल लिहिला, तर तो तिन्ही अक्षरं मोठीच लिहिणार. त्याचा दोष नाही. कुणी त्याला थांबवून कारण विचारलं नाही, हा दोष आहे.

अर्थात हा घोळ काही मराठवाड्यातून निघालेला नाही. ज्यांनी जगाला प्रोग्रॅमिंग शिकवलं त्यांनीच तो घातला.

सगळ्यात प्रसिद्ध नमुना आहे एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. वेबचं पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणायची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर दिली. ती कंपनीच्या एक्सएमएल लायब्ररीत घालून पाठवली गेली, म्हणून नावात एक्सएमएल आलं. प्रत्यक्षात तिच्यातून कुठलाही मजकूर आणता येतो. पुढे बाकीच्या ब्राउझरांनी ती सोय उचलली आणि आज सगळीकडे चालतं ते नाव असं ठरलं: एक्सएमएलची तिन्ही अक्षरं मोठी, त्याला चिकटून एचटीटीपीचा फक्त एच मोठा आणि टी-टी-पी बारीक, मग रिक्वेस्टचा आर मोठा. एका नावात दोन आद्याक्षरी शब्द आणि दोघांना दोन कायदे. हे नाव ज्यानं शिकलं त्यानं पाठच केलं. समजून घ्यायला त्यात नियमच नाही.

पण नीट बघा. एचटीटीपीलाही चारही मोठी अक्षरं दिली असती तर सलग सात मोठी अक्षरं आणि त्यांना चिकटून रिक्वेस्टचा आर, अशी आठ अक्षरांची भिंत उभी राहिली असती. ती वाचता येत नाही. दोन कॅपिटल नावं शेजारी आली की एकानं वाकावंच लागतं. मग दोघांनीही सुरुवातीपासून शब्दासारखं का वागू नये?

जावात तर प्रकार उलटा. तिथे वेबशी जोडणी करणाऱ्या जुन्या क्लासच्या नावात एचटीटीपीचा फक्त एच मोठा आहे आणि त्यापुढचा यूआरएल पूर्ण मोठा. म्हणजे ब्राउझरमध्ये एचटीटीपी दुसऱ्या जागी असून वाकला आणि जावात पहिल्या जागी असून वाकला. त्याच जावात एसएसएल-कॉन्टेक्स्ट या क्लासमध्ये एसएसएलची तिन्ही अक्षरं मोठी आहेत, आणि एसएसएल-आरएमआय-क्लायंट-सॉकेट-फॅक्टरी या लांबलचक नावात एसएसएलचं फक्त पहिलं. भाषा एक, आद्याक्षरं एक, रूपं दोन. हा कोड लिहिणारी माणसं जगातली हुशार माणसं होती. बुद्धी कमी पडली नव्हती. एक ओळीचा नियम ठरवायचा राहून गेला आणि नंतर फार उशीर झाला, कारण जगभर वापरात गेलेलं नाव बदललं की जगभरचे प्रोग्रॅम मोडतात.

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात एक ठेच लागते. पानावरचा घटक त्याच्या आयडीवरून शोधायच्या मेथडमध्ये आय मोठा आणि डी बारीक आहे. घटकाच्या आतला मजकूर बदलायच्या नावात मात्र एचटीएमएलची चारही अक्षरं मोठी. दोन्ही नावं एकाच ओळीत वापरली जातात. मुलगा आयडीचा डी मोठा लिहितो आणि ब्राउझर सांगतो, असं कुठलं फंक्शनच नाही. तो तासभर आपल्या तर्कात चूक शोधतो. तर्क बरोबर असतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही ही ठेच लागतेच, पण तो चटकन दुसऱ्याला विचारतो. आमच्याकडचा मुलगा समजतो की आपलं इंग्रजीच कच्चं. त्याचा आत्मविश्वास अशा फालतू गोष्टीवर खर्च होतो, याचा मला राग आहे.

आता नियम काढणाऱ्यांकडे वळू. मायक्रोसॉफ्टनं डॉटनेटसाठी ठरवलं की दोन अक्षरी आद्याक्षरं दोन्ही मोठी, तीन किंवा जास्त असली की फक्त पहिलं मोठं. म्हणून तिथे इनपुट-आउटपुटचा आय-ओ दोन्ही मोठा आणि एक्सएमएलचा फक्त एक्स. आणि लगेच आयडीला अपवाद, कारण आयडी हे आद्याक्षर नसून आयडेंटिफायरचं संक्षिप्त रूप आहे म्हणे. कोटलिन आणि डार्ट या भाषा याच वाटेनं गेल्या. पायथनच्या २००१ पासूनच्या शैलीपत्रात, म्हणजे पेप-८ मध्ये, सरळ सांगितलं आहे की क्लासच्या नावात एचटीटीपी पूर्ण मोठा लिहा. गो भाषेचा आग्रह त्याहून कडक: एक तर सगळी मोठी, नाही तर सगळी बारीक, मधलं काही चालणार नाही. गो ही भाषा गूगलमध्ये जन्मली. त्याच गूगलचं जावासाठीचं शैलीपत्र बरोबर उलटं सांगतं: आद्याक्षरं शब्दासारखी लिहा, आयडी असो की एचटीटीपी. एकाच कंपनीच्या दोन खोल्यांत दोन फतवे. रस्ट भाषा शब्दाच्या बाजूची. तिचा क्लिपी नावाचा तपासनीस सगळी अक्षरं मोठी दिसली की टोकतो.

यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते स्विफ्टच्या शैलीपत्रातलं एक वाक्य. ॲपलची ही भाषा एरवी आद्याक्षरं पूर्ण मोठी किंवा पूर्ण बारीक ठेवायला सांगते. पण पुढे म्हणते की रडार आणि स्कूबा यांना साध्या शब्दांसारखं वागवा. रडारही आद्याक्षरांतून बनलेला आणि स्कूबाही. पण लोकांच्या तोंडात ते शब्द झाले. म्हणजे ॲपललाही कबूल आहे की आद्याक्षरांचा शब्द होतो. ज्या दिवशी होतो त्या दिवशी मोठी अक्षरं उतरवायची. फक्त तो दिवस कुणी ठरवायचा हा प्रश्न उरतो. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून ठरायचा असेल, तर बीडचा माणूस डेमूचं काय करील?

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला आहे. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा घ्या. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ती योजना दुष्काळी मराठवाड्याच्या घराघरांत रोहयो म्हणून पोचली. रोजगारातला रो, हमीतला ह, योजनेतला यो. रोहयोवर गेलो, रोहयोचे पैसे आले. कुणी त्यात टिंबं घालत बसलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला बीडची पोरं बामू म्हणतात. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला म्हणतात बाटू, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांचा निकाल तिथूनच लागतो. अंबाजोगाईचं १९७४ चं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्वाराती झालं. राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये तुकडे होऊन कंपन्या झाल्या, तरी परळीत आजही एमएसईबीचं ऑफिस म्हणतात. काही नावं अक्षरं उच्चारून बोलली जातात, काही सरळ शब्द म्हणून. मराठीला दोन्ही सारखीच. झेडपीत, एसटीनं, एमएसईबीचा, बामूला. आपली भाषा प्रत्येकाला प्रत्यय लावते, आणि मराठीत प्रत्यय शब्दालाच लागतो.

म्हणून बाटूच्या निकालाचा क्लास लिहिणाऱ्या मुलानं बी मोठा, बाकीची तीन अक्षरं बारीक आणि मग रिझल्टचा आर मोठा लिहिला, तर तो गूगलचंच नुसतं ऐकत नाही, आपल्या तोंडातली भाषाही पाळतो.

ज्यांना भाषेचं प्रमाण पुरेसं वाटत नाही त्यांनी बारावीचं रसायनशास्त्र आठवावं. १८१३ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसनं मूलद्रव्यांना अक्षरी चिन्हं दिली. नियम एकच: पहिलं अक्षर मोठं, दुसरं असलं तर बारीक. म्हणून मिठाचं सूत्र मोकळ्या जागेवाचून वाचता येतं. एन मोठा दिसला की सोडियम सुरू झाला, सी मोठा दिसला की क्लोरिन. हेच खरं पहिलं कॅमलकेस. त्यात कुचराई केली तर काय होतं? सी मोठा, ओ बारीक आणि पुढे क्लोरिनचे दोन अणू, हे झालं कोबाल्ट क्लोराइड, हवेतला ओलावा दाखवायला प्रयोगशाळेत ठेवतात ते. फक्त ओ मोठा करा. कार्बन, ऑक्सिजन आणि क्लोरिन मिळून झाला फॉसजीन, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला विषारी वायू. एका अक्षराची उंची बदलली आणि पदार्थ बदलला. नीटच्या तयारीला लातूरला जाणारं बीडचं पोरगं हे डोळे मिटून सांगेल. त्यालाच कोड लिहिताना हे कुणी दाखवून देत नाही.

पण वाचायला सोपं एवढ्यावर मी हे सदर खर्ची घातलं नसतं. यात माणसांच्या पैशांचा प्रश्न आहे.

शेतकऱ्याच्या खात्यावर काही जमा करायचं तर बँकेचा आयएफएससी लागतो. अकरा चिन्हांचा: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या घरात स्टेट बँक ऑफ हैदराबादचं पासबुक असायचं. १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली आणि जुन्या शाखांचे हे क्रमांक बदलले. अशी माहिती एका संगणकातून दुसऱ्याकडे जाते तेव्हा प्रत्येक रकान्याला नाव असतं आणि दोन्हीकडचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळावं लागतं.

आता जावात लिहिणाऱ्यानं आयएफएससी-कोड मिळवायची मेथड लिहिली, आयएफएससीची चारही अक्षरं मोठी ठेवून आणि पुढे कोडचा सी मोठा. रकान्याचं नाव या मेथडवरून आपोआप काढलं जातं. जावाच्या जुन्या बीन्स नियमानं पाहिलं तर सुरुवातीची दोन अक्षरं मोठी असली की नाव आहे तसंच राहतं, म्हणजे आयएफएससी मोठाच. तीच मेथड जॅक्सन नावाच्या, जावात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीकडे गेली की ती मूळ सेटिंगमध्ये सुरुवातीची सलग मोठी अक्षरं सगळी बारीक करते. तिला आयएफएससी कुठे संपला ते कळत नाही. कोडचा मोठा सीही ती त्यातच ओढते. निघणारं नाव पूर्ण बारीक अक्षरांचं एकसंध गाठोडं असतं. समोरचा मात्र शहाण्यासारखं, आयएफएससी बारीक आणि कोडचा सी मोठा असलेलं नाव पाठवतोय. दोन नावं जुळत नाहीत. स्प्रिंग बूटसारख्या चौकटीत तर अनोळखी रकाना आला म्हणून मुळात तक्रारच होत नाही. तो गुपचूप टाकून दिला जातो. रकाना रिकामा राहतो. पॅन क्रमांकाचंही नेमकं असंच होतं.

आता त्या मेथडमध्ये आय मोठा आणि एफ-एस-सी बारीक लिहा. जुना नियम आणि जॅक्सन दोघंही एकच नाव काढतात, समोरच्याचंही तेच असतं. एवढ्यानं काम भागतं. काही वेगळं शिकायला नको, कुठलं सेटिंग बदलायला नको.

रेल्स या चौकटीचे दस्तऐवज ही अडचण उघड कबूल करतात. एसएसएल पूर्ण मोठा असलेलं नाव बारीक अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ घालून लिहा आणि परत कॅमलकेस करा, मूळ नाव मिळत नाही. एसएसएलचा फक्त पहिला एस मोठा होऊन परत येतो. यंत्र स्वतःहून शब्दाच्या बाजूनं कौल देतं. माणसानं लिहितानाच तसं लिहिलं असतं तर जाणं-येणं बिनबोभाट झालं असतं.

फाइलींचं दुखणं वेगळं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंडोज असतं. विंडोजला यूआरएलची तिन्ही अक्षरं मोठी असलेली फाइल आणि फक्त यू मोठा असलेली फाइल एकच वाटते. सर्व्हर बहुधा लिनक्सचा. त्याला या दोन वेगळ्या फाइली. प्रयोगशाळेत धावलेला प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवला की फाइल सापडत नाही म्हणून पडतो, आणि मूल्यमापनाच्या दिवशीच पडतो. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटवर नाव सुधारून पाठवायला जावं, तर विंडोजवरच्या गिटला फक्त लहानमोठ्या अक्षराचा बदल पुष्कळदा बदलच वाटत नाही. यूआरएल सगळीकडे एकाच रीतीनं लिहिला असता तर यातलं काही घडलं नसतं.

एकच रीत नसली की काय होतं हे आपल्या जिल्ह्यानं नावांच्या बाबतीत भोगलेलंच आहे. रोमन लिपीत बीड कधी भीर होतं, जनगणनेत बी-आय-डी होतं, आज दोन ई घालून लिहिलं जातं. अंबाजोगाईचं जनगणनेतलं रोमन रूप अंबेजोगाई आहे आणि माजलगावचं मांजलेगाव. निजामाच्या काळात अंबाजोगाई मोमिनाबाद होतं, ते आणखी वेगळं. संगणकाला ही सगळी निरनिराळी गावं. जुनी आकडेवारी नवीशी जुळवायला बसलेल्या माणसाला आधी गावं ओळखत बसावं लागतं.

माझ्या म्हणण्याला दोन आक्षेप येतात. पहिला दोन अक्षरी आद्याक्षरांचा. आयडी, आय-ओ, यूआय यांचं दुसरं अक्षर बारीक केलं की डोळ्याला खटकतं, हे खरं आहे. पण खटकणं ही सवयीची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्याच ॲडो-डॉटनेटमध्ये डेटाबेसच्या जोडणीचा क्लास डी मोठा आणि बी बारीक असा आहे, स्वतःच्याच दोन अक्षरी नियमाविरुद्ध, आणि वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलेलं नाही. दोन अक्षरांसाठी वेगळा कायदा केला की अपवादाला अपवाद लागतो. मला तो मान्य नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. गो शिकणारा विचारील, आमची भाषा तर पूर्ण मोठी अक्षरं मागते, मग? मग गोमध्ये गोचं ऐका. पायथनच्या टीमनं पेप-८ धरला असेल तर तो धरा. दुसऱ्याच्या घरात बसून आपली पंगत मांडू नये. आणि जुन्या प्रोजेक्टमधली हजारो नावं एका रात्रीत बदलायला तर अजिबात जाऊ नका. बाहेरचे लोक ज्या नावावर विसंबले आहेत ते नाव वाईट असलं तरी तसंच राहू द्या. माझा आग्रह नव्या कोऱ्या कोडसाठी आहे, जिथे ठरवायचा अधिकार तुमचा असतो. कॉलेजचा प्रोजेक्ट तसाच असतो, पहिल्या ओळीपासून तुमचा.

आणि तिथेच सगळ्यात जास्त हेळसांड होते. प्रात्यक्षिकाच्या वहीत आउटपुट आलं की सही मिळते. नाव कसं दिलं हे कुणी बघत नाही. तोंडी परीक्षेत इनहेरिटन्सची व्याख्या विचारतात, पाठ केलेली. तुझ्या क्लासला हे नाव का दिलंस, असं विचारणारा परीक्षक विरळा. मग हीच मुलं हिंजवडीत नोकरीला लागतात आणि पहिल्या महिन्यात कोड परत येतो, नावांवर शेऱ्यांची रांग लावून. तर्क बरोबर आहे, नाव सुधारा. जे अंबाजोगाईत किंवा परळीत वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत सांगता आलं असतं, ते तिथे अनोळखी माणसाच्या शेऱ्यातून शिकावं लागतं. कष्टानं तिथवर पोचलेल्या मुलांवर ही वेळ आणायची गरज नाही.

त्यामुळे बीड जिल्ह्यात प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरांना आणि मॅडमना हात जोडून सांगणं आहे. या सत्रात प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर, नावागावाच्या खाली, एक ओळ लिहून घ्या: या प्रोजेक्टमध्ये आद्याक्षरं शब्दासारखी लिहिली जातील, पहिलं अक्षर मोठं, बाकीची बारीक. जावा असेल तर चेकस्टाइल हे कोड तपासणारं साधन जोडून द्या. सलग मोठी अक्षरं मर्यादेबाहेर गेली की सांगणारा नियम त्यात आहेच, मर्यादा तुम्ही ठरवा. ते साधन फुकट मिळतं. तोंडी परीक्षेत एक प्रश्न नावांवर विचारा आणि त्याला गुण द्या. आणि मुलांनो, मास्तरांनी नाही लिहून घेतली तर तुम्ही स्वतः ती ओळ लिहा, आणि मग शेवटच्या फाइलपर्यंत पाळा.